फेनोबार्बिटल आणि उंदरांची थायरॉइड: हा निष्कर्ष माणसाला लावावा का?

मूळ मत
फेनोबार्बिटल हे १९१२ पासून वापरात असलेले शामक औषध रॅट प्रकारच्या उंदरांना काही आठवडे दिले की त्यांची थायरॉइड ग्रंथी वाढते, आणि आधी कर्ककारक रसायन दिलेले असेल तर गाठींनाही चालना मिळते. परंतु एवढ्यावरून औषधाला थायरॉइडचे विष ठरवणे मला पटत नाही. खरे काम यकृतात होते. तेथील विकरे (एन्झाइम) वाढतात, ती थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या मुख्य संप्रेरकाला, ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून पित्तावाटे बाहेर घालवतात, रक्तातील पातळी उतरते, म्हणून मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी अधिक टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, सोडते आणि त्या सततच्या रेट्याने ग्रंथी फुगते. अशा ग्रंथीच्या काचपट्टीवर पुटकांच्या (ग्रंथीतील सूक्ष्म पिशव्यांच्या) बुटक्या पेशी स्तंभासारख्या उंच झालेल्या आणि मधले कोलॉइड, म्हणजे संप्रेरक साठवणारा चिकट द्रव, ओसरलेले दिसते. उंदरांना बाहेरून थायरॉक्सिन दिले की गाठींची ही चालना थांबते, यापेक्षा बोलका पुरावा नाही. शिवाय थायरॉक्सिनला घट्ट धरून ठेवणारे, माणसात असणारे वाहक प्रथिन प्रौढ उंदरात जवळजवळ नसते. त्यामुळे त्याचे थायरॉक्सिन साधारण एका दिवसात निम्मे होते, माणसाचे सुमारे ७ दिवसांत.

विरोधी प्रतिसाद
आपले वर्णन मान्य आहे, पण माणसाला त्यातून मोकळे करता येत नाही. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांतही थायरॉक्सिन उतरू शकते, आणि ज्यांची ग्रंथी निकामी असल्याने थायरॉक्सिनची गोळी चालू असते, त्यांचा डोस वाढवावा लागू शकतो. म्हणजे यकृतातील वाट तीच आहे. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतो. तेथे गाठ झाली नाही हा दिलासा अपुरा आहे.

मूळ लेखकाचे उत्तर
गोळीचा मुद्दा मी सोडून दिला होता, ती माझी चूक. मात्र ग्रंथी निरोगी असेल तर अशा रुग्णांत टीएसएच सहसा वाढत नाही, आणि गाठीकडे जाणारा रस्ता टीएसएचमधूनच जातो. गाठीपुरते माझे म्हणणे कायम आहे.

आणखी एक प्रतिसाद
आपण दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहात. गाठीचा प्रश्न प्रौढ उंदराच्या ग्रंथीवर सुटेल, गर्भाचा सुटणार नाही. त्यासाठी गाभण मादीला औषध देऊन, तिच्या यकृताचे वजन आणि टीएसएच पाहून न थांबता, पिल्लांच्या रक्तातील व मेंदूतील थायरॉक्सिन मोजावेच लागेल.