मदत हवी आहे: औषध दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर एकरकमी लायसन्सवरून वार्षिक वर्गणीवर कसं न्यावं?

काउंटरविक्री
नमस्कार मंडळी. औषध दुकानांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे, व्हीबी ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आणि एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसवर. लायसन्स एकदाच १८,००० रु., एएमसी (वार्षिक देखभाल करार) वर्षाला ४,५०० रु. ग्राहक १,४००, त्यातले साधारण ६० टक्के एएमसी भरतात. वर्षाला २४० नवी लायसन्सं जातात, बहुतेक डीलरमार्फत, ३० टक्के कमिशनवर. डेव्हलपर पाच.

दुकानदारांना आता मोबाइलवर स्टॉक बघायचा असतो, दोन-तीन दुकानं असलेल्यांना एकत्र हिशोब हवा असतो. क्लाउडवर जाऊन वर्षाला ७,२०० रु. घ्यायचा विचार आहे. आकडा बरोबर आहे का? मधल्या वर्षांत पगार कसे भागतील? सगळं नव्याने लिहायचं का? आणि डीलर बिथरू नयेत म्हणून काय करावं?

ताळेबंद
७,२०० कमी आहेत. फक्त नव्या ग्राहकांचा हिशोब मांडतो. दरवर्षी २४० नवे, वर्गणीवाले ९० टक्के टिकतात असं धरलंय, कमिशन बाजूला ठेवलंय.

जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षी ४३.२ लाख येतात. पुढे आधीच्यांची एएमसी मिळून दुसऱ्या वर्षी ४९.७, तिसऱ्या वर्षी ५६.२ लाख. ७,२०० च्या वर्गणीत हेच आकडे १७.३, ३२.८ आणि ४६.८ लाख. बरोबरी थेट पाचव्या वर्षी होते आणि तोवरची एकूण तूट ५५ लाखांच्या वर जाते. ९,००० धरले तर २१.६, ४१ आणि ५८.५ लाख, म्हणजे तिसऱ्या वर्षीच पुढे, आणि तूट ३० लाखांच्या आसपास. दरात १,८०० चा फरक, पण खड्डा जवळपास निम्मा होतो. टिकण्याचं प्रमाण ८० टक्क्यांवर आलं तर हे सगळं कोसळतं, म्हणून नव्या विक्रीइतकंच लक्ष नूतनीकरणावर हवं.

हा खड्डा मोठ्यांनाही चुकला नाही. अडोबीने मे २०१३ मध्ये क्रिएटिव्ह सूटच्या (फोटोशॉप वगैरेंच्या संचाच्या) नव्या आवृत्त्या थांबवून फक्त वर्गणी ठेवली. त्या आर्थिक वर्षात महसूल ४४० कोटी डॉलरवरून ४०६ कोटींवर आला, निव्वळ नफा ८३ कोटींवरून २९ कोटींवर. दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, महसूल ४८० कोटींवर होता. त्यांनी गुंतवणूकदारांना नफ्याऐवजी वर्गणीदारांची संख्या आणि वार्षिक आवर्ती उत्पन्न (दरवर्षी पुन्हा येणारी वर्गणी) दाखवायला सुरुवात केली. तुमच्या भागीदारांना आणि बँकेलाही हे आकडे आधीच दाखवा, नाहीतर पहिल्याच मार्चला सगळे घाबरतील.

वर्गणी वर्षाचीच ठेवा. महिन्याला ७५० वसूल करायला माणूस पाठवणं परवडत नाही. ९,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १०,६२० रु.; ऑटोपेची ओटीपीशिवायची मर्यादा १५,००० आहे, त्यात हे बसतं. आगाऊ आलेली रक्कम लगेच खर्चू नका, उरलेल्या महिन्यांची सेवा तुमच्यावर देणं आहे.

जुनाकोड
सगळं नव्याने लिहू नका, हे मनापासून सांगतो. नेटस्केपने ब्राउझर मुळापासून लिहायला घेतला. आवृत्ती ५ आलीच नाही, ६ थेट नोव्हेंबर २००० मध्ये आली, तोवर बाजार इंटरनेट एक्सप्लोररकडे गेला होता. तुमच्या जुन्या कोडमध्ये जीएसटीपासून तुटक स्ट्रिपच्या विक्रीपर्यंतचे शेकडो बारकावे आहेत, ते कुठल्याच कागदावर नसतात.

बिलिंग काउंटरच्या पीसीवरच राहू द्या. नेट गेलं म्हणून गिऱ्हाईक थांबत नाही. आधी फक्त सिंकची सेवा बांधा: पीसीवरून नोंदी सर्व्हरवर, आणि त्यावर मोबाइल व एकत्र अहवाल. इथे तीन ठिकाणी हमखास फसतं. एक, 'शिल्लक ४०' असा आकडा कधीच पाठवायचा नाही, 'या बॅचमधल्या १० विकल्या' ही नोंद पाठवायची. नाहीतर दोन काउंटर एकमेकांची शिल्लक पुसतात. दोन, प्रत्येक नोंदीला काउंटरवरच स्वतंत्र ओळखक्रमांक द्या, म्हणजे नेट तुटून पुन्हा पाठवली तरी दुबार चढणार नाही. तीन, बिल क्रमांक. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे तो आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांच्या आत हवा, म्हणून प्रत्येक काउंटरची मालिका वेगळी ठेवा. क्रम लावताना पीसीच्या घड्याळावर विसंबू नका, ती सर्रास चुकलेली असतात.

तीन डेव्हलपर सिंकवर, दोन जुन्यावर. जुन्यात फक्त दोष आणि करबदल. एकेका ग्राहकासाठी वेगळी ईएक्सई (प्रोग्रामची फाइल) द्यायची सवय असेल तर ती आजच बंद करा, त्यात निम्मी टीम जाते.

वितरणवाला
जुनाकोड यांच्या क्रमानेच पैशाचाही प्रश्न हलका होतो. ही सिंक सेवा आधी तुमच्या ८४० एएमसीवाल्यांना वर्षाला ३,००० जादा घेऊन विका. चौथ्या हिश्श्याने घेतली तरी ६.३ लाख येतात, आणि सेवा खऱ्या दुकानांत तावून निघते. सुरुवात दोन-तीन दुकानं असलेल्यांपासून करा, गरज त्यांनाच जास्त आहे.

डीलरला आज एका विक्रीत ५,४०० मिळतात. ९,००० वर ३० टक्के दिलेत तर २,७०० हातात पडतील आणि तो दुसऱ्याचं सॉफ्टवेअर दाखवायला लागेल. पहिल्या वर्षी ४० टक्के, पुढे प्रत्येक नूतनीकरणाला १५ टक्के द्या: तीन वर्षांत ६,३००. ग्राहक टिकवण्यात त्याचाही फायदा राहतो. हे डीलरना समोर बसवून, ग्राहकांना कळायच्या आधी सांगा.

लायसन्स बंद करायची तारीख मात्र जाहीर करा. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने बहुतेक सुट्या उत्पादनांसाठी ३१ जानेवारी २०१६ ही शेवटची तारीख दिली होती. दोन्ही पर्याय चालू ठेवलेत तर विक्रेता लायसन्सच खपवतो, कारण त्याचं टार्गेट रुपयांत असतं. ते वर्गणीदारांच्या संख्येत बदला. जुनी लायसन्सं घेतलेल्यांचा हक्क काढू नका, त्यांची एएमसी चालू राहू दे.

काउंटरविक्री
मनापासून आभार. ९,००० आणि आधी सिंक, हे पटलं. एकच विचारतो: वर्गणी संपली तर सॉफ्टवेअर लॉक करायचं का?

जुनाकोड
पूर्ण लॉक नको. शेड्यूल एच१ ची (काही ठरावीक प्रिस्क्रिप्शनच्या औषधांच्या विक्रीची) नोंदवही दुकानदाराला तीन वर्षं जपावी लागते, ती तुमच्यामुळे अडली तर तो इतर दहा दुकानांना सांगेल. ३० दिवस आधीपासून सूचना, संपल्यावर १५ दिवस सवलत, मग फक्त नवी बिलं बंद. जुनी बिलं, नोंदवह्या, अहवाल आणि एक्सेलमध्ये डेटा काढणं कायम चालू. आणि ही तपासणी पीसीवर साठवलेल्या परवान्यावरून करा, नेटवरून नको. नाहीतर पैसे भरलेलं दुकानही नेट गेल्यावर बंद पडेल.