सल्ला हवा: खिशात मावणारा टॉर्च आणि त्याचा सेल कोणता घ्यावा?

शिफ्टवाला
मंडळी, रोज जवळ बाळगायला एक छोटा टॉर्च घ्यायचा आहे. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. दुसरी पाळी सुटून फोंड्याच्या बाजूला गावात पोचेपर्यंत अकरा वाजून जातात. गाडी वर देवळाकडे ठेवतो, घर खाली कुळागरात (सुपारीच्या बागेत). मध्ये चिऱ्यांच्या पायऱ्या आणि पाट, पावसात सगळीकडे शेवाळ. पँटच्या खिशात मावला पाहिजे आणि भिजला तरी चालला पाहिजे. बजेट दोन हजारांच्या आत. शोधायला गेलो तर एए, १४५००, १६३४०, १८६५० असले आकडे समोर आले आणि डोके फिरले. घरी लाइट गेली की आईही तोच वापरणार, त्यामुळे बटणांची सर्कस नको.

म्हापशेकर
मोबाईलला टॉर्च असताना वेगळा कशाला हवा?

शिफ्टवाला
एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा. पावसात मोबाईल कुठे धरू? शिवाय पाळी सुटेपर्यंत त्याची बॅटरी संपत आलेली असते.

सोल्डर_मास्तर
आधी सेल ठरवा, टॉर्च मागाहून. ते आकडे म्हणजे निव्वळ माप आहे. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. शेवटचा शून्य म्हणजे सेल गोल नळीसारखा. १४५०० म्हणजे १४ बाय ५०, म्हणजेच आपला नेहमीचा पेन्सिल सेल (एए) ज्या मापाचा तेच माप, फक्त आत लिथियम-आयन.

नुसते एमएएच (सेलवर छापलेला क्षमतेचा आकडा) बघू नका. रीचार्ज होणारा निकेल-मेटल-हायड्राइड एए १.२ व्होल्टचा, २००० एमएएच. १४५०० असतो ३.७ व्होल्टचा, ८०० ते ९०० एमएएच. व्होल्टने गुणून हजाराने भागलेत तर पहिल्यात २.४ वॅट-तास (म्हणजे साठलेली एकूण ऊर्जा) आणि दुसऱ्यात ३ च्या आसपास भरतात, म्हणजे फरक फार नाही. १८६५० मात्र वेगळ्याच पंगतीला बसतो: ३००० एमएएचच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ११ वॅट-तास. पण पँटच्या खिशात तो जाणवतोच.

तुमच्यासाठी एए आणि १४५०० दोन्ही चालणारा टॉर्च बरा. सोफिर्न एसपी१० प्रो, स्किलहंट एम१५०, कॉनव्हॉय टी३ हे तिन्ही त्या जातीचे. वुर्कोस टीएस१० दिसायला मस्त आहे, पण तो फक्त १४५०० वर चालतो.

सत्तरीकर
मी रात्रीचा रानात बराच फिरतो, म्हणून सेलपेक्षा उजेडाबद्दल लिहितो.

ल्युमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या आकड्याच्या, मागे लागू नका. पायऱ्या उतरायला ५० ते १०० ल्युमेन पुष्कळ झाले. एवढ्याशा टॉर्चवर हजार ल्युमेन लिहिलेले असतात ते मिनिट-दोन मिनिटांचे. अंग तापले की तो स्वतःहून उजेड उतरवतो. खोक्यावरच्या एफएल१ (टॉर्च मोजायच्या) प्रमाणातही मेख आहे. त्यातला टॉर्च चालण्याचा वेळ हा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजलेला असतो. आणि ‘१०० मीटर’ लिहिले असेल तर तिथे पाव लक्स उजेड पोचतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तेवढ्यात पायवाट ओळखू येईल, जनावर नाही.

खरा पैसा रंगावर घाला. स्वस्त टॉर्चच्या निळसर पांढऱ्या झोतात चिऱ्याचा तांबूस आणि सुक्या पानांचा तपकिरी रंग मेल्यासारखा होतो, सगळे एकाच राखाडीत जाते. फुरसे आणि घोणस नेमके त्याच रंगांत लपतात. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर, रंगतापमान (उजेड पिवळट की निळसर ते) ४००० ते ५००० केल्विन असा एलईडी घ्या (निचिया कंपनीचा ५१९ए मिळाला तर डोळे झाकून). त्याच सेलवर उजेड थोडा कमी मिळतो, मिळू दे. पानांच्या कडा, शिरा, खवले सुटे दिसतात. झोत लांबवर फेकणारा नको, पसरणारा हवा. आणि चालताना तो समोर घराकडे न धरता दोन पावले पुढे, जमिनीवर धरा.

म्हापशेकर
एवढे कशाला? आमच्या शुक्रवारच्या बाजारात झूमवाला टॉर्च मिळतो, सेल आणि चार्जरसकट. लांबपर्यंत मारतो.

सोल्डर_मास्तर
म्हापशेकरबाब, झूमवाल्याचे डोके पुढेमागे सरकते आणि पाणी तिथूनच आत जाते. त्यातल्या सेलवर ९९०० एमएएच छापलेले असेल तर तो सेल किराण्याच्या काट्यावर ठेवून बघा. चांगला १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरतो आणि त्यात ३५०० च्या आसपास मावते. २५-३० ग्रॅम भरला तर वरच्या वेष्टनाचेच पैसे दिलेत समजा.

काणकोणची_वहिनी
समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे वाचा. टॉर्चच्या अंगावरच चार्जिंगचे भोक नको, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावरचे रबरी झाकण दोन पावसांत सैल पडते आणि खाऱ्या वाऱ्याने आतल्या पिना हिरव्या होतात. सेल बाहेर काढून चार्ज करायचा टॉर्च घ्या.

अल्कलाइन (एकदा वापरून टाकायचा) सेल तर मुळीच नको. ड्रॉवरमध्ये पडून राहिला की फुटतो, पांढरी पूड येते आणि स्प्रिंग खाऊन टाकते. पूड आलीच तर कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, कारण सेलमधून गळणारे पाणी अल्कली असते. मग कोरडे करा. आमच्याकडे सगळीकडे एनेलूप जातीचे रीचार्ज होणारे एए आहेत, जे नुसते ठेवले तरी लवकर उतरत नाहीत. चार सेल आणि प्रत्येक सेल वेगळा बघणारा चार्जर, एवढ्यात रिमोट, घड्याळ, टॉर्च सगळे भागते.

सोल्डर_मास्तर
वहिनी, अल्कलाइनबद्दल हेच म्हणतो. चार्जिंगच्या भोकाबद्दल मात्र नाही. फोंड्याकडे समुद्राचा वारा तेवढा नाही आणि आईला सेल काढून चार्जरमध्ये घालण्यापेक्षा मोबाईलची वायर लावणे सोपे.

काणकोणची_वहिनी
आईला सेल घालता येतो हो, इतकी वर्षे घड्याळात कोण घालत होते?

सोल्डर_मास्तर
बरे आठवले. १४५०० आणलात तर त्याला लाल टेप लावून वेगळा ठेवा. दिसतो पेन्सिल सेलसारखाच. कोणी तो घड्याळात किंवा रिमोटमध्ये घातला तर दीड व्होल्टच्या जागी, सेल पूर्ण चार्ज असेल तर, ४.२ व्होल्ट जातात आणि वस्तू माझ्या टेबलावर येते. फक्त एएसाठी बनवलेल्या टॉर्चमध्येही तो घालू नका.

शिफ्टवाला
यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम एए दिसले. ते कसे?

सत्तरीकर
रिमोटला ठीक. त्यांच्या आत सर्किट असते, ते शेवटपर्यंत दीड व्होल्ट देते आणि मग एकदम बंद. पायऱ्यांच्या मध्यावर तसे नको. साधा रीचार्जेबल एए बहुतेक टॉर्चांत आधी मंदावतो, घर गाठता येते.

शिफ्टवाला
मग असे ठरवतो: दोन्ही चालणारा टॉर्च, आत एनेलूप जातीचा एए, १४५०० सध्या नकोच. कॉनव्हॉय टी३ कडे कल आहे, कारण बटण शेपटीला आहे. पाण्याचे काय बघू?

सत्तरीकर
आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. आपल्या पावसाला ७ असला तरी पुरे. शेपटीकडच्या रबरी रिंगेला पावसाळ्याआधी थोडे सिलिकॉन ग्रीस लावा.

एसपी१० प्रो मी वापरतो आणि मला आवडतो, पण एकाच बटणावर किती टिचक्या मारल्या की काय होते याचा पाढा आहे. साध्या मोडवर ठेवता येतो, तरी आईच्या हातात टी३ बरा.

काणकोणची_वहिनी
खिशात ठेवताना शेपटीची टोपी पाव फेरा सैल करून बघा, पुष्कळ टॉर्चांत सर्किट तुटते. नाहीतर खिशातच पेटतो आणि मांडीला चटका बसतो. १४५०० असेल तर जास्तच. आणि एप्रिल-मेमध्ये लिथियमचा सेल गाडीच्या डिकीत ठेवू नका.

म्हापशेकर
मला पण घ्यायचा आहे आता. वडील ऐंशीला टेकलेत, रात्री उठून न्हाणीघरात जातात. त्यांना कोणता?

सत्तरीकर
एएएवर (एएपेक्षा बारीक सेलवर) चालणारा, बोटाएवढा. पण सर्वांत मंद उजेड पाच ल्युमेनच्या आत असलेलाच घ्या आणि तो त्या मंद उजेडावरच सुरू होतो ना, ते दुकानात पेटवून बघा. झोपेतल्या डोळ्यांवर एकदम मोठा उजेड आला तर पुढची काही मिनिटे त्यांना काहीच दिसणार नाही.