मदत हवी आहे: कमरेला १० किलो शिसे असूनही सेफ्टी स्टॉपला मी वर का खेचली गेले?

नमस्कार. स्कूबा डायव्हिंगचा अनुभव असलेल्या सभासदांकडून मला एका घटनेचा उलगडा हवा आहे. प्रश्न सुरक्षिततेचा असल्यामुळे तपशील जरा विस्ताराने देत आहे.

माझे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण झाले असून आतापर्यंत २२ डाइव्ह झाल्या आहेत. शेवटच्या डाइव्हमध्ये १८ मीटरपर्यंत जाऊन आम्ही वर येत होतो आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे (सेफ्टी स्टॉप) ठरले होते. ८ मीटरच्या आसपास आपण हलके होत चाललो आहोत हे मला जाणवले, म्हणून मी बीसीडीच्या (हवा भरून तरंगणे कमी-जास्त करण्याच्या अंगावरच्या साधनाच्या) इन्फ्लेटरची, म्हणजे हवा भरण्या-सोडण्याची, नळी वर धरून हवा सोडण्याचे बटण दाबले; पण वर जाण्याचा वेग कमी होण्याऐवजी वाढतच गेला, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर वाजू लागला आणि ५ मीटरचा थांबा कधी मागे पडला हे कळायच्या आत माझे डोके पाण्याबाहेर आले. श्वास रोखायचा नाही एवढे मात्र लक्षात राहिले होते आणि वर येईपर्यंत मी सतत हवा सोडत होते. त्या दिवसाची पुढची डाइव्ह मी रद्द केली. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, छातीत दुखणे यांपैकी कोणताही त्रास झाला नाही.

दुसरी अडचण पायांची आहे. माझ्या जोडीदाराने पाण्याखाली केलेले चित्रीकरण मी नंतर पाहिले. माझी समजूत अशी होती की मी छान आडवी पोहते. प्रत्यक्षात माझे शरीर सुमारे ३० अंशांनी कललेले, डोके वर आणि पाय खाली असे दिसते, आणि तळाजवळ प्रत्येक किकबरोबर मागे वाळूचा लोट उठतो. किक थांबवली की मी खाली बसू लागते, मग बीसीडीत हवा भरते, थोड्या वेळाने ती जास्त झाली असे वाटून सोडते. ६ मिनिटांच्या चित्रीकरणात मी बटणे १४ वेळा दाबली आहेत.

माझे वजन ६२ किलो आहे. अंगावर ५ मिलिमीटरचा नवा पूर्ण सूट, जॅकेट प्रकारची बीसीडी, ११.१ लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर आणि पायांत जड रबरी फिन्स असतात. शिसे १० किलो असून ते सगळे कमरेच्या पट्ट्यावर आहे. पूर्वी ३ मिलिमीटरच्या सुटाबरोबर मी ८ किलो घेत असे. नव्या सुटात सुरुवातीला डोके पाण्याखाली जाईना, म्हणून २ किलो वाढवले.

मी वर खेचली गेले याचा अर्थ शिसे कमी पडले आणि आणखी २ किलो घ्यायला हवेत, असे मला वाटते. माझ्या जोडीदाराचे म्हणणे नेमके उलटे आहे; शिसे जास्त आहे म्हणूनच मी वर गेले, असे तो म्हणतो. ज्याच्या अंगावर वजन जास्त तो वर कसा जाईल, हे मला समजत नाही. कृपया कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

आपल्या जोडीदाराचे म्हणणे बरोबर आहे. आणखी २ किलो मुळीच घेऊ नका.

शिसे स्वतः कोणालाही वर नेत नाही. त्याची भरपाई म्हणून आपण बीसीडीत जी हवा भरतो ती नेते. समजा आपल्याकडे गरजेपेक्षा ४ किलो शिसे जास्त आहे. पाण्याखाली स्थिर राहण्यासाठी तेवढेच प्लावक बल वाढवावे लागते आणि त्यासाठी बीसीडीत सुमारे ४ लिटर जास्तीची हवा ठेवावी लागते, कारण १ लिटर हवा समुद्राच्या साधारण १ किलो पाण्याला बाजूला सारते. आता १८ मीटरवर एकूण दाब २.८ बार असतो, ८ मीटरवर १.८ आणि ५ मीटरवर १.५. म्हणजे तळाशी ४ लिटर असलेला हा बुडबुडा, त्यातून काहीच सोडले नाही, तर ८ मीटरवर ६ लिटरच्या पुढे जातो आणि ५ मीटरवर जवळजवळ साडेसात लिटर होतो. आपण एकही बटण न दाबता साडेतीन किलोंचा उचल वाढला. शिवाय तळाशी दबलेला आपला नवा सूटही वर येताना फुगत असतो, तो हिशेब वेगळाच.

याच्या तुलनेत फुप्फुसांचा आवाका पाहा. शांत श्वासोच्छ्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते; मुद्दाम खोल श्वास घेऊन पूर्ण सोडला तरी त्या धावपळीत दोन-अडीच लिटरांपलीकडे काही हाती लागत नाही. बरोबर वजन घेतलेला डायव्हर लहानसहान चढउतार श्वासावर सांभाळतो; आपला बुडबुडाच एवढा मोठा आहे की श्वास त्याला पुरा पडत नाही. पाण्याच्या वरच्या १० मीटरमध्ये तर हा खेळ सर्वांत कठीण होतो, कारण तेथे दाब २ बारवरून १ बारवर येतो आणि हवेचे आकारमान थेट दुप्पट होते. सेफ्टी स्टॉप नेमका त्याच पट्ट्यात असतो.

सुरुवातीला डोके खाली जात नव्हते, त्याचे कारण बहुतेक वेळा शिशाची उणीव नसते. नव्या सुटात हवा अडकलेली असते, बीसीडी पूर्ण रिकामी झालेली नसते, आणि मुख्य म्हणजे आपण घाईने छाती भरून श्वास घेतो व नकळत पाय मारत राहतो. ती किक आपल्याला वरच धरून ठेवते. पाय एकमेकांवर ठेवा, बीसीडी रिकामी करा, श्वास पूर्ण सोडा आणि ४-५ सेकंद काहीही न करता थांबा. श्वासाचा परिणाम पाण्यात लगेच दिसत नाही. अनेकजण तो दिसायच्या आत पुन्हा श्वास घेतात आणि मग पट्ट्यावर शिसे चढवतात.

योग्य वजन डाइव्हच्या शेवटी ठरवावे, सुरुवातीला नव्हे. आपल्या सिलिंडरमधील दाब २०० बारवरून ५० बारवर येतो तेव्हा सुमारे १,६६५ लिटर हवा खर्च झालेली असते आणि तिचे वजन जवळपास २ किलो भरते. अ‍ॅल्युमिनियमचा हा सिलिंडर भरलेला असताना पाण्यात किंचित जड असतो आणि शेवटी तरंगू लागतो. म्हणून ५० बार उरले असताना, ५ मीटरवर, वरून सोडलेल्या दोराशेजारी, बीसीडी पूर्ण रिकामी करून आपण अर्ध्या श्वासावर स्थिर राहू शकता का, हे पाहावे. जोडीदाराने एकेक किलो काढून घ्यावा. ज्या क्षणी शांत श्वास घेऊनही आपण वर सरकू लागता, त्या वेळचा शेवटचा किलो परत घ्यावा. तेच आपले वजन. ही चाचणी प्रशिक्षकाच्या उपस्थितीत करावी, आणि दोर हाताशी असल्याशिवाय करू नये. तलावात केली तर तो आकडा समुद्राला लागू पडणार नाही. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणजे साहित्यासह ९० किलोंच्या व्यक्तीला तेथे सव्वादोन किलोंच्या आसपास वाढवावे लागतात.

एक प्रश्न मला विचारायचा आहे. आपण ८ मीटरवर बटण दाबले तेव्हा नळीतून बुडबुडे बाहेर पडले का? चित्रीकरणात तो भाग असेल तर पुन्हा पाहा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात वजनाचे आले आहे, म्हणून मी फक्त तोलाविषयी लिहितो, ज्याला आपण सगळे ट्रिम म्हणतो.

शरीर ३० अंश कललेले असेल तर किकच्या जोराचा निम्मा भाग आपल्याला वर ढकलण्यात जातो. तो तोलण्यासाठी आपण हवा सोडून थोड्या जड राहता, आणि किक थांबली की खाली बसता. आपण लिहिलेल्या १४ वेळांचे मूळ मला यात दिसते. पाय खाली जाण्याचे कारण सोपे आहे: फुप्फुसे आणि बीसीडीतील हवा छातीपाशी, तर १० किलो शिसे आणि जड फिन्स त्याखाली. वरची उचल आणि खालचे वजन मिळून शरीराला उभे करतात. जास्तीचे शिसे काढल्यावर हवाही कमी लागेल, त्यामुळे अर्धा फरक तेथेच पडेल.

उरलेल्या वजनातले १ ते २ किलो सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावर, म्हणजे खांद्यांच्या मागे, छोट्या खिशांत घालून पाहा. सगळे वजन मात्र असे बांधू नका, कारण संकटात पृष्ठभागावर तरंगण्यासाठी कमरेच्या पट्ट्याचे बक्कल एका हाताने उघडून पुरेसे शिसे टाकता आले पाहिजे. सिलिंडरही थोडा वर सरकवता येतो. मान मागे केल्यावर डोके व्हॉल्व्हवर आपटणार नाही एवढीच मर्यादा. तो बांधण्यापूर्वी बीसीडीचा नायलॉनचा पट्टा भिजवून घ्यायला विसरू नका. कोरडा घट्ट ओढलेला पट्टा पाण्यात सैल पडतो आणि सिलिंडर खाली घसरला की केलेली सारी मांडणी बिघडते.

तपासण्याची रीत अशी: स्थिर व्हा, गुडघे वाकवून पोटऱ्या वर घ्या, हात पुढे ठेवा आणि १० सेकंद फिन्स अजिबात हलवू नका. शरीर कोणत्या बाजूने फिरते ते जोडीदाराला पाहू द्या. पाय बुडत असतील तर वजन डोक्याकडे न्या, डोके बुडत असेल तर कमरेकडे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही.

प्रतिसाद ३

वरील आकडे अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरचे आहेत, हे ध्यानात असू द्या. पोलादी सिलिंडर मिळाला तर तो रिकामा होत आला तरी सहसा तरंगत नाही, त्यामुळे शिसे आणखी कमी लागेल आणि चाचणी नव्याने करावी लागेल.

आणखी एक सराव उथळ पाण्यात जरूर करा. इन्फ्लेटरचे बटण अडकून हवा आपोआप भरू लागली तर बीसीडीत हवा आणणाऱ्या कमी दाबाच्या नळीची जोडणी एका हाताने सोडवता आली पाहिजे. हातमोजे घालून करून पाहा. कोरड्या हातांनी सोपे वाटणारे त्या जोडणीचे कडे मोज्यांत भलतेच निसरडे होते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण चाचणी करूनच लिहायचे ठरवले होते.

आधी बुडबुड्यांविषयी. तो भाग मी थांबवून थांबवून पाहिला. मी बटण दाबलेले दिसते, अंगठा दाबून पांढरा झालेला आहे, आणि नळीतून एकही बुडबुडा बाहेर पडत नाही. नळी मी कानाच्या उंचीपर्यंतच उचलली होती आणि दोर पाहण्यासाठी पुढे झुकले होते. त्यामुळे नळीचे तोंड खाली आणि माझी पाठ वर, आणि सगळी हवा फुगून पाठीकडच्या भागात बसलेली. कमरेमागच्या, हवा सोडण्याच्या व्हॉल्व्हची दोरी माझ्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर लोंबताना स्पष्ट दिसते. ती कधी ओढायची हे प्रशिक्षणात सांगितले होते, पण २२ डाइव्हमध्ये मी ती एकदाही वापरलेली नव्हती. आडवे असताना कंबर किंचित उचलून ती दोरी, आणि उभे असताना नळी पूर्ण डोक्यावर, असा सराव आता करत आहे.

चाचणी प्रशिक्षकासमोर ५ मीटरवर, ५० बारला झाली. जोडीदाराने एकेक करून ३ किलो काढून घेतले तरी मी जागची हलले नाही. चौथा किलो निघाल्यावर माझी मूठ दोरावरून वर सरकू लागली. तो किलो परत घेतला, म्हणजे माझे शिसे ७ किलो ठरले. त्यातले ५ पट्ट्यावर आणि २ सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावर ठेवले. सुरुवातीला पाण्याखाली जाताना पाय एकमेकांवर ठेवून पूर्ण श्वास सोडला, आणि चार सेकंदांनी पाणी हळूच मास्कच्या काचेवरून वर गेले. यापूर्वी ते इतक्या शांतपणे कधी झाले नव्हते.

पुढच्या डाइव्हमध्ये तेवढ्याच वेळात बटणांना ३ वेळा हात लागला आणि ५ मीटरवरची ३ मिनिटे मी दोराला न धरता काढली. १० सेकंदांच्या कसोटीत मात्र सातव्या-आठव्या सेकंदाला टाचा अजून खाली जातात. यापुढे फक्त फिन्स बदलून, कोणाकडून तरी हलक्या मागून घेऊन, तीच कसोटी पुन्हा करणार आहे. त्यानंतर खांद्यांमागचे २ किलो जास्त ठरले तर एक पुन्हा कमरेला आणावा लागेल.