अकरावीला इतिहास घेतलाय, पाठांतरापुढे कसं जायचं? (राजापूर)

अर्जुनाकाठ:
लेकीला दहावीला ८९ टक्के. बाईसाहेबांनी आर्ट्स घेतलंय, तेही इतिहासासाठी. मामा, काका, शेजारचे तात्या, सगळ्यांचं मत देऊन झालंय, तेव्हा "सायन्सच घ्यायला हवं होतं" हे कृपया कोणी लिहू नका. कॉलेजात नोट्स उतरवून देतात, पाठ करा म्हणतात. तिला त्यापुढचं हवंय. पुण्या-मुंबईचा क्लास परवडणारा नाही. काय करावं?

सडेकर:
बालभारतीचं बारावीचं पुस्तक आत्ताच वाचायला द्या. पीडीएफ फुकट मिळते.

मोडीवेडा:
ताई, मी इतिहासात एमए केलंय आणि दोन वर्षं निव्वळ सनावळ्या घोकण्यात घालवली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

तुमच्या गावापासूनच सुरुवात करा. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज त्याच्या मदतीला तोफा डागायला गेले होते. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर मारलं आणि वखारवाल्यांना कैदेत टाकलं. पोरं परीक्षेत हे दोन ओळींत उरकतात. तिला विचारा, व्यापारी माणूस वेढ्यात कशाला शिरला? मग अणस्कुरा घाटानं उतरणारा माल, खाडी, जैतापूर, सगळं नकाशावर काढायला लागेल. ती खाडी पुढे गाळानं भरली आणि आज राजापूर बंदर होतं हे पाहुण्यांना पटवून सांगावं लागतं! ते का झालं, हा प्रकल्पाचा विषय घ्या.

दुसरं म्हणजे, कोण सांगतंय आणि कधी, हे प्रत्येक वेळी बघायची सवय. वखारीची पत्रं त्याच दिवसांतली, पण लिहिणारा इंग्रज, स्वतःची कातडी वाचवणारा. सभासदाची बखर आपल्या माणसाची, पण महाराज गेल्यावर जिंजीला लिहिलेली. दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं.

आणि मोडी शिकवा. या वयात महिनाभरात अक्षरं बसतात.

खाडीपलीकडे:
मोडीची घाई नको असं माझं मत. आधी इंग्रजी वाचनाची भीती घालवा. कंपनीचे कागद, पुढची चांगली पुस्तकं, बरंचसं इंग्रजीतच आहे. आमच्याकडची हुशार मुलं बीएला तिथेच अडकतात.

मोडीवेडा:
मान्य. पण मोडी वाचणारे कमी आणि दप्तरं ढीगभर, हेही खरं ना?

सडेकर:
बारसू आणि देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं दाखवून आणा. लिहिलेलं अक्षर एक नाही, काळावरून अजून वाद चालू. दसऱ्यानंतर जा हो, पावसात सडा, म्हणजे ते कातळाचं पठार, फार निसरडा.

अर्जुनाकाठ:
सगळ्यांचे आभार. पोरगी मघापासून खाडीचा नकाशा काढत बसलीय, जेवायला उठत नाही. एक विचारू? सासऱ्यांच्या पेटीत मोडीतले कागद आहेत, खोतीच्या वेळचे असावेत. थोडी वाळवी लागलीय. गणपतीच्या साफसफाईत बंबात घालणार होतो.

मोडीवेडा:
अहो ताई, बंबात नको!! लॅमिनेशनही नको आणि चिकटपट्टी तर नकोच. मऊ ब्रशनं माती झाडा, सावलीत पसरा, सुती कापडात बांधून माळ्याऐवजी कोरड्या कपाटात ठेवा. प्लास्टिकची पिशवी आपल्याकडे ओल धरते. आधी मोबाइलवर एकेका पानाचे फोटो काढा, दोन्ही बाजूंचे.