मदत हवी आहे: सासूबाईंना मॅग्नेशियमची गोळी द्यावी का?

नमस्कार मंडळी,
आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या. रात्री पोटरीत गोळे येतात, कळवळून उठून बसतात. अमेरिकेतल्या भाच्याने मॅग्नेशियमची बाटली पाठवली आहे, एका गोळीत ४०० मिग्रॅ. नवरा म्हणतो, देऊन टाक, काय होतंय! मी म्हटलं, आधी ताटातून किती जातंय ते बघू.

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बाईला दिवसाला ३७० आणि पुरुषाला ४४० मिग्रॅ दिलंय. सासूबाईंचं जेवण असं: सकाळी पोहे नाहीतर उपमा. दुपारी दोन पोळ्या, म्हणजे ५० ग्रॅम कणकेतून साठेक मिग्रॅ. सोबत वाटीभर आमटी आणि फळभाजी. रात्री कवळीमुळे नुसता मऊ भात आणि ताक. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे जेमतेम २० मिग्रॅ, कारण पॉलिश करताना कोंडा आणि अंकुर दोन्ही जातात. आणि ते भिजवलेले चार बदाम, ज्यांचा आमच्याकडे भारी मान, ते सगळे मिळून तेरा-चौदा मिग्रॅ! ओढून-ताणून बेरीज २०० च्या आसपास येते.

रक्तातलं मॅग्नेशियम १.९ आलंय, रिपोर्टवर 'नॉर्मल'. मग कमी आहे म्हणायचं की नाही? थायरॉइडची गोळी आणि पित्तासाठी पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू आहे. भाकरी चावत नाही, तर मऊ काय देता येईल?

औषधवाली: ताई, बाटली तूर्त कपाटात ठेवा. शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी एखादाच टक्का रक्तात असतो, निम्म्याहून जास्त हाडांत. त्यामुळे १.९ वरून साठ्याचा अंदाज येत नाही. पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की मॅग्नेशियम उतरू शकतं, तेव्हा 'ही अजून लागते का' हे डॉक्टरांना विचाराच. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय गोळी नको. किडनी मंद असेल तर मॅग्नेशियम साठत जातं. जेवणातल्या मॅग्नेशियमचं भय नाही, पण गोळीतून वरून घेण्याची मर्यादा दिवसाला ३५० मिग्रॅ धरतात, तुमची एकच गोळी त्याच्या पुढे. जुलाबही होतात. पुढे द्यायची ठरलीच, तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब.

तीळगूळ: रात्रीचा भात बदला, सगळं गणित तिथेच आहे. ज्वारीत १०० ग्रॅममागे १३० च्या आसपास, नाचणीत त्याहून थोडं जास्त. ज्वारीच्या कण्या रात्रभर भिजवून कुकरला चार शिट्ट्या जास्त द्या, ताक-जिरं घालून भातासारख्या मऊ लागतात. आंबील आख्ख्या पिठाची करा, सत्त्वाची नको. सत्त्व काढताना गाळून कोंडा टाकतो आपण. तिळाच्या चटणीचा एक चमचा तीसेक मिग्रॅ देतो, दाण्याचं कूट मूठभर घातलंत तर पन्नास. पालक उकडून पाणी ओतून देऊ नका.

कोपरीकर: आमच्या आईला गोळीने गुण आला. द्या बिनधास्त.

औषधवाली: @कोपरीकर, एखाद्याला येतही असेल. पण २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेला) वयस्कर लोकांच्या पायांत येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. ताई, झोपण्याआधी पोटऱ्या ताणायला सांगा. लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे का?

धागाकर्ती: नाही, बीपीची गोळी आहे पण ती वेगळी. शनिवारी डॉक्टरांकडे सगळी पाकिटं घेऊन जाते, क्रिएटिनिनही करून घेते. @तीळगूळ, कण्या तयार मिळतात की गिरणीत भरडून घ्यायच्या? जांभळी नाक्यावर ज्वारी भरपूर असते, पण आमचा गिरणीवाला भरड म्हटलं की तोंड वाकडं करतो. नौपाड्यात नाहीतर चरईत दुसरा कोणी असेल तर सांगा.