तटस्थ मतं मोजायची की नाही?

मॉडेल यूएनमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संयुक्त राष्ट्रांसारख्या सभेच्या स्पर्धेत, तटस्थ मतं बहुमतात धरायची का, असं विचारलंय. नाही हो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या नियम 86 प्रमाणे 'हजर आणि मतदान करणारे' म्हणजे बाजूने किंवा विरोधात मत दिलेले, तेवढेच. 40 हजर, 12 बाजूने, 10 विरोधात, 18 तटस्थ, तरी साध्या बहुमताचा ठराव मंजूर! सुरक्षा परिषदेत मात्र 15 पैकी 9 होकार लागतातच, तिथे 9 भरण्याच्या दृष्टीने तटस्थ राहणं नकारासारखंच पडतं. रत्नागिरीत आमच्या स्पर्धेत अध्यक्षांनी या दोन्हींची खिचडी केली आणि मंजूर झालेला ठराव पाडला. (मी त्या ठरावाचा सूचक, म्हणून अजून खुपतंय.) आणि चर्चा थांबवण्यासारख्या कामकाजाच्या प्रस्तावावर मॉडेल यूएनमध्ये बहुधा तटस्थ राहताच येत नाही, हे मुलांना हजेरीच्या वेळीच सांगा.