प्रति: जुने वनस्पती-नमुने आणि चराईचा अभ्यास

संग्राहक नेहमी धडधाकट, फुलावर आलेले रोपच उचलतो, त्यामुळे हर्बेरियमच्या शीटवर (वाळवून कागदावर चिकटवून जपलेल्या नमुन्यावर) चराईचा परिणाम दिसणारच नाही, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. उंची मोजायची असेल तर हीच सवय उपयोगी पडते, कारण प्रत्येक पिढीतला संग्राहक चांगल्यात चांगले रोप निवडत असूनही नमुने दशकागणिक खुजे होत गेले असतील, तर मोठी रोपेच कमी उरली असे मानायला जागा राहते. अमेरिकन जिनसेंग या औषधी वनस्पतीच्या नमुन्यांवरून अशीच घट २००१ साली दाखवली गेली. तिथे मुळांसाठी होणारी काढणी आणि हरणांची चराई दोन्ही असल्याने कारणांची फोड शीटवरून होत नाही. त्यासाठी जंगलातच जावे लागते.

मात्र चराईची थेट खूणही शीटवर सापडू शकते. ठाण्याजवळच्या येऊरच्या उतारावर गुरांनी खुडलेले झुडूप जवळून पाहिले, तर तुटलेला शेंडा वाळून करडा झालेला असतो आणि त्याच्या लगेच खालच्या पेरांतून बाजूचे फुटवे निघालेले असतात. नमुना काढताना मोडलेल्या फांदीला असे फुटवे येणे शक्यच नाही. पानांचेही तसेच: जिवंतपणी किडीने पाडलेल्या छिद्राला बहुधा गडद कडा धरते, नमुना ठेवलेल्या कपाटातल्या किडीने पाडलेल्याला नाही. येऊर किंवा नवी मुंबईतल्या खारघरच्या डोंगरावर आज नमुने गोळा करणाऱ्यांनी खुडलेली एक फांदी मुद्दाम सोबत लावावी आणि तिथे गुरे चरतात का, हे लेबलवर आवर्जून लिहावे.